क्रमाचा रकाना

दोऱ्यात एकूण वीस वस्तू होत्या. चांदीची एकोणीस नाणी आणि गाठीजवळ एक पितळी कडी. नाण्यांचा व्यास चौदा ते सतरा मिलिमीटर, म्हणजे आपल्या रुपयाहून लहान. प्रत्येकाला कडेजवळ एक भोक. अकरा नाण्यांवर राजाचा चेहरा ओळखू येत होता, पाचांवर फक्त नाक आणि मिशी उरली होती, तीन पार गुळगुळीत. एका नाण्याची कड मोडलेली. दोरा सुती, मेण लावून काळा झालेला, दोन ठिकाणी लाल धाग्याने सांधलेला. माळ सुपात ठेवून मी मोबाइलवर एक फोटो काढला. तारीख नऊ जानेवारी, सकाळचे दहा चाळीस.

हे सगळं माझ्या वहीत आहे आणि बरोबर आहे. चूक पुढच्या पानावर आहे.

सूप नवशीआजीचं, माळही तिचीच. तलासरीच्या पुढे हायवे सोडून आत गेलं की जांभूळपाडा लागतो, तिथे तिचं घर. तिची नात सुनिता माझ्याबरोबर डहाणूला बी.एस्सी.ला होती. मी घोलवडची, आमची चिकूची वाडी आहे. मी लहान असताना नवशीआजी चिकू तोडायला आमच्याकडे येत असे. म्हणून अजूनही ती मला नावाने हाक मारत नाही, बाबांवरून ‘धनेशशेठची बाय’ म्हणते.

माळेची गोष्ट मला सुनितानेच सांगितली होती. त्यांच्या घरातल्या बायकांची एक रीत आहे. शेतात, बांधावर, गवत कापताना जिला जुनं नाणं सापडेल तिने ते स्वतःच्या हाताने माळेत ओवायचं. विकत घेतलेलं किंवा पुरुषांना सापडलेलं चालत नाही. माळ वर्षभर भाताच्या कणगीत असते आणि नवा तांदूळ घरात येतो त्या दिवशी बाहेर काढतात.

ही गोष्ट मी काशीनाथ सरांना सांगितली आणि तिथून सगळं सुरू झालं.

सरांनी मला शाळेत संस्कृत शिकवलं. मी विज्ञानाला गेले तेव्हा ते म्हणाले होते, “जा, पण मोजायला शिकून परत ये, आमच्यात मोजणारे कमी आहेत.” निवृत्त झाल्यापासून ते एकाच प्रश्नामागे आहेत. नाशिकच्या लेण्यात नहपान राजाचा जावई उषवदात याचा लेख कोरलेला आहे. त्यात नद्यांची नावं आहेत, ज्यांवर त्याने लोकांना फुकट पार करण्यासाठी नावा ठेवल्या. त्यातलं एक नाव दाहनुका, म्हणजे आपली डहाणूची खाडी. सरांचा प्रश्न असा की ती नाव नेमकी कुठून कुठे जात होती. त्यांचं मत होतं की मुखाशी नाही, बरीच आत, जिथे भरतीचं पाणी शिरणाऱ्या खाजणात जुना फुटका बांध आहे तिथे. अकरा वर्षं ते हे मत मांडत होते आणि अकरा वर्षं त्यांना लोक विचारत होते, पुरावा काय?

“नहपानाच्या काळातलं एक जरी नाणं त्या बांधाजवळ सापडल्याचं कळलं,” सर म्हणायचे, “तरी तेव्हा तिथे माणसांची ये-जा होती एवढं म्हणता येईल. त्याहून जास्त नाही.”

“पण सर, नाव फुकट होती तर नाणी कशाला पडतील?”

“अगं, आजही पुलावरून जाताना लोक नदीत नाणं टाकतात ना? नाव फुकट असली तरी नदी कुठे फुकट असते!”

नाण्यांवर त्यांचा फार जीव. पुराणांत राजांच्या याद्या आहेत, पण एका पोथीत एक नाव गळतं तर दुसरीत दोन जास्त येतात. नहपानानंतरच्या क्षत्रप राजांच्या चांदीच्या नाण्यावर राजाच्या डोक्यामागे वर्ष असतं आणि पाठीवर राजाचं व बापाचं अशी दोन्ही नावं. नाणी ओळीने मांडली की घराणंच उभं राहतं. “पोथी उतरवणारा दुपारी जेवून पेंगतो,” सर म्हणायचे, “टांकसाळीतल्या माणसाला पेंगणं परवडत नाही, बोटावर हातोडा बसतो.” नहपानाचं नाणं ओळखायचं कसं तेही त्यांनी मला शिकवलं होतं. पाठीवर वज्र आणि बाण असतात.

नवशीआजीने माळ माझ्या हातात दिली तेव्हा म्हणाली, “बाय, जशी नेतंस तशी आण.” मी हो म्हटलं. मला वाटलं ती हरवण्याबद्दल बोलते आहे.

मी डहाणूच्या एका कॉलेजात प्रयोगशाळा सहायक आहे. तिथल्या तराजूवर ग्रॅमचे चार दशांश वाचता येतात. पण त्याचं पात्र लहान, आणि माळेतल्या प्रत्येक नाण्याचं वजन वेगळं हवं होतं. दोन्ही बाजूंचे स्वच्छ फोटोही हवे होते. गाठ सुटत नव्हती. मेणाने दगडासारखी झाली होती. मी पाच मिनिटं प्रयत्न केला आणि मग कात्रीने दोरा कापला. नाणी एका बशीत ओतली.

पुढचे दोन दिवस मी मन लावून काम केलं. वजनाप्रमाणे, हलक्यापासून जडापर्यंत, एक ते एकोणीस क्रमांक दिले. तक्ता केला. त्यात सरांनी सांगितलेले रकाने होते: वजन, व्यास, जाडी, पुढची बाजू, मागची बाजू, वर्ष वाचता आल्यास वर्ष. शेवटचा रकाना होता ‘माळेतील क्रम’. तिथे आले तेव्हा मी थांबले, हे मला स्पष्ट आठवतं. मी मोबाइलवरचा फोटो उघडला. माळ सुपात वेटोळं करून पडलेली, नाण्यांवर नाणी, नुसत्या कडा दिसत होत्या. मग मी स्वतःशी म्हटलं, जिला जेव्हा सापडलं तेव्हा ओवलं, त्यात क्रम कसला. आणि रकान्यात लिहिलं: ‘अर्थ नाही’. एकोणीस वेळा.

नवी माळ मी तंगुसात ओवली, मासे पकडायचा नायलॉनचा दोरा असतो तो. कडीनंतर सगळ्यात हलकं, मग चढत्या वजनाने. दिसायला छान दिसत होती.

सरांनी तक्ता पाहिला आणि शेवटच्या रकान्यापर्यंत न पोचताच ते खुर्चीतून उठले. तीन नाण्यांवर वज्र आणि बाण होते. “बकुळा, अगं इकडे ये!” त्यांनी काकूंना हाक मारली. काकू पिठाच्या हातांनी आल्या. “तीन! एक नाही, तीन!”

“बरं झालं,” काकू म्हणाल्या, “आता जेवताना तरी दुसरा विषय निघेल.”

“कुठे सापडली हे कळायला हवं. आजींना माहीत असेल?”

अठरा जानेवारीला आम्ही दोघं रिक्षा करून जांभूळपाड्याला गेलो. सुनिताने सुटी घेतली होती. सर ओट्यावर मांडी घालून बसले आणि वही उघडली. नवशीआजीच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे, तिने माळ डोळ्यांजवळ नेलीच नाही. कडी बोटात धरली आणि अंगठा पुढे सरकवला.

“हा एक. माझी सासू. वखारीच्या मागं, गवत कापताना. हा दोन, माझी सासूच, त्याच साली. तीन, माझी. तलावाच्या गाळात.” सर भराभर लिहीत होते. “चार,” आजी म्हणाली, आणि अंगठा थांबला. तिने नाणं उलटं केलं, पुन्हा सुलटं केलं. “चौथ्याची कड मोडलेली हाय. ही मोडकी कुठं गेली?”

मोडक्या कडेचं नाणं सगळ्यात हलकं होतं, म्हणून मी ते पहिलं ओवलं होतं. ते तिच्या हाताखालून गेलं होतं, पण तिची बोटं गुळगुळीत बाजूवर होती.

आजीने अंगठा परत कडीकडे नेला आणि पुन्हा सुरुवात केली. पुन्हा चौथ्याला थांबली.

“रुचिका,” सर म्हणाले, “माळ उसवली होतीस का?”

“हो सर. वजनासाठी.”

“मग क्रम?”

तिथे तीन माणसं माझ्याकडे बघत होती. त्यांतल्या एकीला दिसत नव्हतं.

“तोच ठेवलाय सर.”

हे वाक्य मी का बोलले याचं कारण शोधायचा मी पुष्कळ प्रयत्न केला आहे. कारण साधं आहे. ज्या माणसाने मला मोजायला शिकून ये म्हणून सांगितलं होतं त्याच्यासमोर मला मूर्ख दिसायचं नव्हतं.

नवशीआजीने माळ मांडीवर ठेवली. मग म्हणाली, “मंग माझाच बोट विसरला.”

“होतं असं, आजी,” सर हळू आवाजात म्हणाले, “वयाचं आहे. मीही चष्मा डोक्यावर ठेवून घरभर शोधतो.”

त्यानंतर आजीने नाणी न चाचपता, नुसतं मोजत सांगितलं. आठवं, नववं, दहावं या तिघांशी आली तेव्हा सर पुढे वाकले. “ही तीन माझ्या आजेसासूची. डहाणूच्या खाडीला, खाजणात, फुटक्या बांधाजवळ. एकाच दिवशी तीन गावली, म्हणून सगळ्यांना ठाव.”

सरांनी तंगुसावरचं आठवं, नववं आणि दहावं नाणं भिंगाखाली धरलं. तिन्हींवर डोक्यामागे वर्षं होती. नहपानानंतर दोनशे वर्षांची. वज्र आणि बाण त्यांतल्या एकावरही नव्हते.

परतताना सरांनी वही पिशवीत ठेवली. डहाणू आल्यावर म्हणाले, “चला. फुटक्या बांधाचं जुनेपण माझ्या कल्पनेतलं होतं म्हणायचं.” दुसऱ्या दिवशी त्यांनी एका संशोधन-पत्रिकेच्या संपादकांना लिहिलं की दाहनुकेच्या नावेच्या उतारासंबंधीचं आपलं मत आपण मागे घेत आहोत, सोबत नाण्यांचा तक्ता जोडला आहे. तक्त्याखाली माझं नाव घातलं होतं. पाठवण्याआधी त्यांनी मला ते वाचायला दिलं. मी वाचलं, एक व्याकरणाची चूक दाखवली आणि परत दिलं.

दोन फेब्रुवारीला सुनिता स्कूटीवरून आमच्या वाडीत आली. आम्ही चिकू खोक्यांत भरत होतो. तिने आईला नमस्कार केला, एक चिकू उचलून खाल्ला आणि मला विहिरीकडे घेऊन गेली.

“काय म्हणतंय विज्ञान?”

“बरं आहे.”

“आजी विचारते, डहाणूला डोक्याचा फोटो काढतात का.”

“कसला फोटो?”

“डोक्याच्या आतला. म्हणते, माझं आतलं सडायला लागलं, बघून या. माळ तिनं कणगीत ठेवली नाही. मला दिली. म्हणाली, ज्याला आठवतं त्यानं ठेवावी. परवा चिमणमामा मुलीच्या लग्नाचं बोलायला आला, तर ही नाती सांगायला तयार नाही. गावातली सोयरीक सगळी हिला विचारून होते, माहितीये ना तुला? म्हणाली, माझ्यावर भरवसा नको, भलत्याच घराशी जोडून देईन.”

सुनिता माझ्याकडे वळली.

“तू क्रम तोच ठेवला होतास ना?”

विहिरीवर पंप चालू होता. मी त्याच्याकडे बघत राहिले.

“बोल ना. का तुझ्या पण डोक्याचा फोटो काढू?”

“नाही ठेवला.”

सुनिता चिकूची बी हातात घेऊन उभी होती, ती तिने नीट बांधाच्या कडेला टाकली. “मला तेव्हाच कळलं होतं. तंगूस बघून. पण सर होते, आणि तुला मीच आणलं होतं. मला वाटलं, घरी जाऊन फोन करशील. पंधरा दिवस वाट बघितली मी, रुचे. चार दशांश मोजतेस म्हणे.”

“मी येते तुझ्याबरोबर. आत्ताच.”

“ये. स्कूटीवर मागे बसायचं, शेठची गाडी नको.”

नवशीआजी अंगणात वालाच्या शेंगा सोलत बसली होती. मी तिच्यासमोर बसले आणि सगळं सांगितलं. कात्री, बशी, वजन, तंगूस, आणि त्या दिवशी मी काय बोलले ते. एकही गोष्ट गाळली नाही. गाळणं सोपं झालं असतं, कारण तिने मध्ये काहीच विचारलं नाही.

मी थांबल्यावर ती म्हणाली, “म्हणजे चौथा मोडक्या कडेचाच होता?”

“तुम्ही म्हणता तर होता, आजी. मी बघितलं नव्हतं.”

“आणि मी विसरले नव्हते?”

“नाही.”

ती मोठ्याने हसली. इतकी की शेंगांचं टोपलं मांडीवरून घसरलं. तिने शेजारच्या घराकडे तोंड करून हाक मारली, “भिके! ए भिके! माझा डोका ठिकाणावर हाय गं!”

पलीकडून आवाज आला, “कधी नव्हता? कालच माझ्याशी भांडलीस की!”

आजी डोळे पुसत माझ्याकडे वळली. हसू अजून ओसरलं नव्हतं. “मंग तवाच का नाय बोललीस? मी काय मारणार होते तुला?”

मी सांडलेल्या शेंगा टोपल्यात भरू लागले.

“शेठच्या घरची तू. तुला कोण काय बोलणार होता?” ती म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. ती खरोखरच विचारत होती.

मग तिने रिकाम्या दोन बोटांत कडी धरल्यासारखं केलं आणि अंगठा सरकवत एकोणीस नाणी सांगितली. कोणी, कुठे, काय करताना. सुनिता लिहायला लागली तर तिला अडवलं. “तू नको. ती लिहील. तिच्या वहीत.” मी लिहिलं. अडखळण्याची एकही जागा आली नाही. मग तिने मला तीच यादी उलटी वाचायला लावली, एकोणीसपासून एकपर्यंत, आणि बाराव्याला माझी चूक पकडली. मी तिथे घरातल्या बाईऐवजी शेजारणीच्या आईचं नाव लिहिलं होतं.

सरांकडे मी एकटी गेले. बकुळाकाकूंनी नेहमीसारखा चहा आणला, सोबत दोन नानकटाया. मी कपाला हात न लावता सांगितलं. सरांनी ऐकलं आणि वही मागितली. शेवटच्या रकान्यावर बोट ठेवलं.

“हे ‘अर्थ नाही’ तू आजींना विचारण्याआधी लिहिलंस की नंतर?”

“आधी, सर.”

“हं.” त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. “मी मत मागे घेतलं त्याचं मला काही नाही. चुकीचं निघालं की मागे घ्यायचंच असतं. पण त्या बाईला मी तोंडावर म्हटलं, वयाचं आहे. ते मी आता कुठल्या पत्रिकेत मागे घेऊ?”

काकू दारात उभ्या होत्या. त्यांनी माझा थंड झालेला कप उचलला आणि दुसरा आणायला आत गेल्या. ते मला सगळ्यांत जड गेलं.

त्याच संध्याकाळी सरांनी संपादकांना दुसरं पत्र लिहिलं, आधीचा तक्ता धरू नये, माळेतला क्रम अज्ञात आहे. माझं नाव काढू का, म्हणून मी विचारलं. “का?” ते म्हणाले. “वजनं तुझीच आहेत ना? आणि चूकही तुझीच. दोन्हींखाली राहू दे.” रविवारी ते रिक्षा करून जांभूळपाड्याला जाऊन आले. तिथे काय बोलले ते त्यांनी मला सांगितलं नाही आणि सुनितालाही मी विचारलं नाही.

मग त्यांनी विचारलं, “क्रम परत काढता येईल?”

काही प्रमाणात येईल असं मला वाटलं. माळेत शेजारी असलेली दोन नाणी वर्षानुवर्षं एकमेकांवर घासतात. एकाचा उंचवटा दुसऱ्यावर ओरखडा उठवतो. कडीच्या दोन्ही बाजूंच्या नाण्यांवर पितळेचा डाग असणार, म्हणजे दोन्ही टोकं सापडतील, आणि चौथं मोडक्या कडेवरून ओळखता येईल. त्यानंतर एकेका ओरखड्याची लांबी आणि भोकापासूनचं अंतर मोजून शेजारी जुळवायचे. नवशीआजीची परवानगी मी स्वतः जाऊन घेतली. तिने तंगूस स्वतः कापला, एकोणीस नाणी माझ्या ओंजळीत घातली आणि म्हणाली, “आता बिघडवायला काय उरलाय? ने.”

काम कॉलेजच्या सूक्ष्मदर्शकावर, चाळीस पट मोठं करून केलं. अडतीस बाजू. प्रत्येक ओरखडा तीनदा मोजला. दोन मापांत ०.१ मिलिमीटरपेक्षा जास्त फरक आला तर ती जोडी धरली नाही. एकूण एकवीस दिवस लागले. मधली नाणी माळेत घट्ट दाबून बसलेली असावीत, त्यांच्यावर घासल्याच्या खुणा फार कमी निघाल्या.

निष्कर्षाचा कागद मी एकच केला. त्याच्या तीन प्रती काढल्या, एक सरांना, एक सुनिताला नवशीआजीला वाचून दाखवण्यासाठी आणि एक वहीत, जुन्या रकान्यासमोर चिकटवायला. त्यावर एवढंच आहे:

एकोणीस नाणी, शेजारशेजारच्या जोड्या अठरा. नक्की जुळलेल्या जोड्या सात. गाठीकडून पहिली पाच आणि शेवटची चार नाणी क्रमाने लागली. सहाव्यापासून पंधराव्यापर्यंतच्या दहा नाण्यांचा, त्यांत खाजणातलं आठवं, नववं, दहावंही, क्रम ठरला नाही. वज्र आणि बाण असलेली तिन्ही नाणी त्या दहांत आहेत.